मैलापूरला समाधी आणि इटलीत हाडं, मग संत थॉमस नक्की आहे कुठे?

ठाणा_फास्ट:

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा.

मागच्या महिन्यात मावसभावाच्या लग्नाला चेन्नईला गेलो होतो, हॉल मैलापूरलाच होता. परतीची गाडी रात्रीची म्हणून दुपारी आई आणि मी सांथोमचं चर्च बघायला गेलो. वरचं चर्च पांढरंशुभ्र, उंच, फोटोत दिसतं तसंच, पण खरी गंमत खाली आहे. जिने उतरून खाली गेलं की छोटी खोली, एसी चालू, आणि समोर काचेखाली झोपलेल्या थॉमसची मूर्ती. येशूच्या बारा शिष्यांपैकी हा एक आणि इथेच त्याला पुरलं होतं असं सांगतात. आम्ही बसलो होतो तेवढ्यात एक आजी आल्या, डोक्यात भरगच्च गजरा, सोबत चारेक वर्षांचा नातू. आजींनी काचेवरून रुमाल फिरवला आणि तोच रुमाल नातवाच्या कपाळावरून, छातीवरून फिरवला. आई मला कोपराने ढोसून म्हणाली, अगं हे तर अगदी आपल्याकडे समाधीवर करतात तसंच. आणि मग तिनेही हात जोडले.

आता प्रॉब्लेम असा की परत आल्यावर ऑफिसात हे सांगितलं तर आमच्या टीममधला कोट्टयमचा मुलगा म्हणाला थॉमस आधी आमच्याकडे आला, इसवी सन ५२ ला, चेन्नई शेवटी. बरं म्हटलं. घरी येऊन गुगल केलं तर म्हणे त्याची हाडं इटलीत ऑर्टोना नावाच्या गावात आहेत! आणि तिसरीकडे लिहिलंय की तो भारतात आलाच नव्हता. हे मी मूर्खासारखं आईला वाचून दाखवलं. तेव्हापासून आई रोज विचारते, "मग मी नमस्कार कोणाला केला?"

जाणकारांनी प्लीज सांगा. भक्तिभाव आणि वादावादी दोन्ही नको, नीट माहिती हवी. आईला उत्तर द्यायचंय.

खरोष्ठी_वेडा:

छान धागा. माझा विषय नाणी, ख्रिश्चन इतिहास नाही, पण थॉमसची गोष्ट नाण्यांपाशी येऊनच थांबते म्हणून लिहितो. जरा लांबेल.

थॉमस भारतात आला हे सांगणारं सगळ्यात जुनं सलग लिखाण म्हणजे 'थॉमसची कृत्यं'. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला सिरियाक भाषेत लिहिलेलं, बहुतेक एडेसा शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा. बायबलमध्ये हे नाही. यातली गोष्ट इतकी भारी आहे की पिक्चर निघावा. शिष्य चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतात, थॉमसच्या वाट्याला भारत येतो आणि हा सरळ नाही म्हणतो! मी हिब्रू माणूस, तिकडच्या लोकांना काय शिकवणार, दुसरीकडे कुठेही पाठव. मग काय, भारतातल्या राजाने सुतार-गवंडी शोधायला पाठवलेला हब्बान नावाचा व्यापारी बाजारात फिरत असतो, येशू त्याला गाठतो आणि सांगतो माझ्याकडे एक गुलाम आहे, सुतारकाम येतं, विकायचाय. रीतसर विक्रीचा कागद होतो. हब्बान थॉमसला विचारतो, हा तुझा मालक का? थॉमस म्हणतो, हो, हा माझा मालक. संपलं, बसला जहाजात.

राजाचं नाव गुंदफर. तो थॉमसला महाल बांधायला सांगतो. थॉमस बोरूने जमिनीवर प्लॅन काढून दाखवतो, दारं इकडे, खिडक्या तिकडे, राजा खूश, पैसे देऊन निघून जातो. थॉमस सगळे पैसे गोरगरिबांना वाटतो. राजा निरोप पाठवतो, काम कुठवर आलं, हा कळवतो की झालंय सगळं, फक्त छप्पर राहिलंय, तर राजा छपराचेही पैसे पाठवतो!! (ठाणे-डोंबिवलीत ज्यांचं पझेशन रखडलंय त्यांनी हसू नये.) शेवटी राजा येऊन बघतो तर मोकळी जमीन. थॉमस म्हणतो महाल स्वर्गात बांधलाय, मेल्यावर दिसेल. तुरुंगात टाकतात. त्याच रात्री राजाचा भाऊ गाद मरतो, वर जाऊन खरोखरचा महाल बघतो आणि परत जिवंत होऊन राजाकडे तोच महाल विकत मागतो.

आता ही उघड उघड पुराणकथा आहे, पुढे तर यात गाढवं पण बोलतात. आणि गुंदफर नावाचा राजा कुठल्याही ग्रीक-रोमन इतिहासात नाही, त्यामुळे शेकडो वर्षं विद्वान म्हणत राजाही काल्पनिकच. मग १८३० च्या दशकात अफगाणिस्तान आणि पंजाबकडून ढिगाने जुनी नाणी यायला लागली आणि त्यावर खरोष्ठी या जुन्या लिपीत नाव वाचलं गेलं, 'गुदफरस'. म्हणजे गुदफराचं. सोबत 'देवव्रतस' अशी पदवी. एमपीएससीवाल्यांनी शक-पहलव पाठ केले असतील, त्यातला पहलव तो हाच. पुढे पेशावरच्या वर तख्त-ए-बाहीचा शिलालेख मिळाला, त्यात राजाचं २६ वं वर्ष आणि कुठल्यातरी संवताचं १०३ वं वर्ष असं दोन्ही दिलंय. तो संवत आपला विक्रम संवत धरला तर इसवी सन ४६ च्या आसपास येतं. म्हणजे थॉमस यायचा तर ज्या काळात येईल बरोब्बर तेव्हाचा राजा.

मी एका डीलरकडे यातलं एक नाणं हातात घेऊन बघितलंय. काळपट, एका बाजूला घोडेस्वार, समोर राजाचं ते त्रिशूळासारखं चिन्ह, अक्षरं अर्धी झिजलेली. हे असं नाणं शेकड्याने मिळतं, फार महाग नसतं, पण तेव्हा मात्र हातातून ठेववत नव्हतं.

पण नीट समजून घ्या, नाण्यांनी राजा खरा ठरला, थॉमस नाही. एवढंच म्हणता येतं की २०० वर्षांनी एडेसात बसून लिहिणाऱ्याला आपल्या वायव्येकडच्या एका राजाचं खरं नाव माहीत होतं. ते त्याच्यापर्यंत थॉमसच्या आठवणीतून आलं की व्यापाऱ्यांच्या तोंडून, ज्याचं त्याने ठरवावं.

पुरावा_दाखवा:

म्हणजे थोडक्यात पुरावा शून्य. एका चमत्कारिक कादंबरीत राजाचं नाव बरोबर आलं म्हणून हिरो पण खरा? आणि तो राजा तक्षशिलेचा, मग केरळ आणि चेन्नई कुठून आलं मध्येच?

बाकी येशू मरून पुन्हा उठला हे ऐकून ज्या माणसाने "जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही" म्हटलं त्याच्याच बाबतीत लोकांनी पुरावा मागू नये ही मोठी गंमत आहे :)

सांडोरकर:

@पुरावा_दाखवा, हा जोक मी साधारण दुसरीपासून ऐकतोय, आमच्या गावचं चर्चच संत थॉमसचं आहे. दरवर्षी सणाच्या जेवणावळीत एखादा तरी काका मारतोच.

पण यावर एक सांगतो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात विसावा अध्याय काढून वाचा. येशू त्याला म्हणतो तुझं बोट इकडे कर, हात माझ्या कुशीत घाल. आणि पुढच्याच वाक्यात थॉमस म्हणतो "माझ्या प्रभू, माझ्या देवा!" बोट घातलं असं लिहिलेलंच नाही. चित्रकारांनी घालायला लावलं. आणि त्याआधी अकराव्या अध्यायात, यहुदियात परत गेलं तर लोक दगडं मारतील म्हणून बाकीचे कचरत असतात, तेव्हा "चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ" म्हणणारा कोण? हाच. पण नाव पडलं ते संशयी थॉमस. बिचारा. नावाची पण गंमत, अरामी भाषेत 'तोमा' म्हणजे जुळा, ग्रीकमध्ये तेच 'दिदुम'. म्हणजे ते नाव नव्हेच, टोपणनाव. सिरियाक परंपरेत त्याचं खरं नाव यहुदा.

आता ताईंचा मूळ प्रश्न, हाडांचा. ताई, दोन्ही बरोबर आहे आणि आमच्यात त्याबद्दल भांडण नाही (जास्त). हाडं भारतातून फार लवकर हलवली गेली, चौथ्या शतकात ती एडेसात होती यात वाद नाही. संत एफ्रेम म्हणून तिथले कवी होते, सन ३७३ ला वारले, त्यांच्या एका गीतात सैतान रडतो की ज्या प्रेषिताला मी भारतात मारलं तो माझ्या आधी एडेसात येऊन पोचला, आता मी जाऊ कुठे. एजेरिया नावाची बाई पश्चिमेकडून यात्रा करत ३८४ मध्ये एडेसाला आली, तिने तिथे थॉमसच्या समाधीपाशी प्रार्थना केल्याचं स्वतः लिहून ठेवलंय. मग ११४४ ला एडेसा मोसुलच्या तुर्की सरदार झंगीने जिंकलं, पुढे हाडं ग्रीसच्या किऑस बेटावर, आणि १२५८ मध्ये ऑर्टोनाचा एक कप्तान तीन गलबतं घेऊन किऑसला गेला तो हाडं आणि वरची शिळा दोन्ही उचलून घेऊन आला. उचलून म्हणजे काय ते समजून घ्या. ऑर्टोनावाले आजही मे महिन्यात मोठा सण करतात.

तिथेही त्याला सुख नाही. १५६६ ला तुर्की आरमाराने चर्च जाळलं, १९४३ च्या डिसेंबरमध्ये जर्मन आणि कॅनेडियन सैन्याची घरोघरी लढाई झाली त्यात अर्धं चर्च पडलं. हाडं वाचली. १९५३ ला त्यातलं हाताचं एक हाड केरळला कोडुंगल्लूरला आणलं, म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांनी माणूस हाताएवढा का होईना परत आला.

आणि एक, ३ जुलै हा आमचा सण. लोकांना वाटतं तो मेल्याचा दिवस, केरळात तसंच मानतात, पण जुन्या सिरियाक पंचांगांत हा दिवस भारतातून एडेसाला हाडं नेल्याचा म्हणून आहे. रोमन कॅथोलिक पंचांगात सण २१ डिसेंबरला असायचा, १९६९ ला ३ जुलैला आणला. आमची आजी शेवटपर्यंत डिसेंबरमध्येच मेणबत्ती लावायची, फादर काहीही सांगोत.

अड्यारचा_पाहुणा:

चेन्नईत नोकरीनिमित्त १४ वर्षं आहे, सांथोमच्या बाजूने रोज जातो, तर स्थानिक माहिती माझ्याकडून.

चर्चची आताची इमारत १८९३ ते ९६ मधली, इंग्रजांच्या काळातली. त्याआधी पोर्तुगीजांचं चर्च होतं. पोर्तुगीजांनी १५२३ मध्ये समाधी खणली, त्यांना हाडांचे तुकडे, भाल्याचं टोक आणि मातीचं भांडं मिळालं असं त्यांचं म्हणणं. भाल्याचं टोक अजून तिथे ठेवलंय.

पण ताई, तुमच्या आईसाठी खरी गोष्ट मार्को पोलोची. तो तेराव्या शतकाच्या शेवटी या किनाऱ्याला आला होता, म्हणजे पोर्तुगीजांच्या सव्वादोनशे वर्षं आधी. तो लिहितो की समाधीला ख्रिश्चनही येतात आणि मुसलमानही, आणि जाताना तिथली तांबडी माती घेऊन जातात, ताप आलेल्याला ती पाण्यातून देतात आणि तो बरा होतो. आता खरोष्ठी_वेडा यांनी सांगितलेल्या पुस्तकाचा शेवट बघा (मी मागे वाचला होता): ज्या राजाने थॉमसला मारलं त्याचा मुलगा आजारी पडतो, राजा म्हणतो प्रेषिताचं हाड आणून पोराच्या गळ्यात बांधू, थडगं उघडतो तर हाडं नाहीत, कोणीतरी आधीच पश्चिमेला नेलीत. मग राजा हाडं होती तिथली धूळ उचलतो आणि पोरगा त्या धुळीने बरा होतो. म्हणजे अगदी पहिल्या गोष्टीतच समाधी रिकामी आहे आणि गुण मातीला आहे. हाडं इटलीत आहेत हे मैलापूरला येणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असल्यासारखंच आहे. त्या आजी रुमाल फिरवत होत्या ना, तेच.

मार्को पोलोने मरणाची गोष्ट पण वेगळीच दिलीय. पुस्तकात राजाचे चार शिपाई भाल्याने मारतात. पोलो म्हणतो थॉमस रानात प्रार्थना करत होता, आजूबाजूला मोर, एका शिकाऱ्याने मोराला बाण मारला तो चुकून याला लागला. मैलापूर म्हणजे मोरांचं गाव, तमिळमध्ये मयिल म्हणजे मोर. कपालीश्वराच्या देवळातही पार्वतीने मोर होऊन शंकराची पूजा केली अशी कथा आहे. एकाच गावचे मोर दोन्ही कथांत शिरलेत.

पुढच्या वेळी आलात तर एअरपोर्टजवळ सेंट थॉमस माउंट नक्की करा. तमिळमध्ये परंगीमलै, म्हणजे फिरंग्यांचा डोंगर. टेकडी छोटीशीच, सव्वाशेच्या वर पायऱ्या, त्या एका आर्मेनियन व्यापाऱ्याने, कोजा पेत्रुस उस्कानने बांधून घेतल्या, त्यानेच १७२६ मध्ये अड्यार नदीवर सैदापेटचा पूल पण बांधला होता. वर चर्चमध्ये वेदीमागे दगडी क्रूस आहे, १५४७ मध्ये पाया खणताना सापडला, त्याच्या कडेने पहलवी या जुन्या इराणी लिपीत लेख आहे. याला रक्ताचा घाम येतो अशी ख्याती होती, १५५८ पासून १७०४ पर्यंत बऱ्याचदा आला म्हणतात. अभ्यासक तो सातव्या-आठव्या शतकातला धरतात, म्हणजे थॉमसच्या हातचा नाही, पण पोर्तुगीज यायच्या आधी इथे पर्शियाशी संबंध असलेले ख्रिश्चन होते हे त्यावरून पक्कं कळतं. याच टेकडीच्या पायथ्याशी १८०२ मध्ये लॅम्बटनने भारत मोजायची पहिली बेसलाइन टाकली, एव्हरेस्टची उंची ज्यातून निघाली तो सर्व्हे. विषयांतर झालं.

आणि चर्चच्या मागे तो खांब आहे ना, थॉमसने रोवला आणि समुद्र यापुढे येणार नाही म्हणाला तो, त्याचे २००४ च्या त्सुनामीनंतरचे फॉरवर्ड मलाही आले. चर्चला काही झालं नाही हे खरंय. पण चर्च उंचावर आहे आणि शेजारच्या श्रीनिवासपुरमच्या कोळीवस्तीत माणसं गेली. त्या वस्तीतले बरेचजण थॉमसचेच भक्त. त्यांच्यासमोर मी तरी हा फॉरवर्ड वाचू शकत नाही.

पुरावा_दाखवा:

चांगली माहिती. पण सांथोम मूळ कपालीश्वराच्या जागेवर आहे हे कोणीच का लिहित नाही?

अड्यारचा_पाहुणा:

लिहितो. मूळ देऊळ समुद्रकाठी होतं, तमिळ संतकवी अरुणगिरीनाथर समुद्रकाठच्या मैलापूरचं वर्णन करतात, आताचं देऊळ आतल्या बाजूला आणि साधारण तीनशे वर्षांचं आहे, आणि जुनं देऊळ पोर्तुगीज काळात गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. चर्चच्या आवारात चोळकालीन शिलालेखांचे तुकडे मिळालेत. नेमकं चर्चच्याच जागेवर की किनाऱ्यावर अजून कुठे, यावर इथे भांडणं चालू असतात. वेगळा धागा काढा, मी येतो तिकडे. इथे ताईंच्या आईला थांबवून ठेवलंय आपण.

साताऱ्याची_सून_कोट्टयमची:

आई गं, हा धागा मला आज दिसला! माहेर सातारा, सासर पाला, कोट्टयम जिल्हा, लग्नाला ११ वर्षं झाली. @ठाणा_फास्ट, तुमचा तो टीममेट बरोबर सांगतोय आणि तो तुमच्याशी यावर तासभर बोलू शकतो, थांबवू नका :)

केरळात हा इतिहासाचा विषयच नाही, घरातला विषय आहे. माझे सासरे 'थॉमस आला तेव्हा' असं म्हणतात जसं आपण 'आजोबा पुण्याला शिकायला होते तेव्हा' म्हणू. ५२ साली कोडुंगल्लूरला उतरला, सात चर्च काढली, खरं तर साडेसात, ते अर्धं म्हणजे कन्याकुमारीजवळचं तिरुवितांकोड. अर्धं का याची प्रत्येक घरी वेगळी गोष्ट. पालयूरची गोष्ट माझी आवडती: तळ्यात नंबुद्री ब्राह्मण ओंजळीने पाणी वर उडवून तर्पण करत होते, थॉमस म्हणाला तुमचा देव पाणी घेत असेल तर ते वरच राहायला पाहिजे, आणि याने उडवलेलं पाणी वरच थांबलं. आमच्याकडची निम्मी घराणी आम्ही त्या ब्राह्मणांचे वंशज म्हणून सांगतात. नंबुद्री केरळात इतक्या लवकर नव्हते असं इतिहासकार म्हणतात, पण हे लग्नाच्या बोलणीत काढायचं नाही, अनुभवाने सांगते.

@पुरावा_दाखवा, तक्षशिलेचा माणूस केरळात कसा, तर हाच वाद २००६ ला पोपच्या भाषणावरून झाला होता. पोप बेनेडिक्ट भाषणात म्हणाले थॉमस पश्चिम भारतात पोचला आणि तिथून ख्रिस्ती धर्म दक्षिणेत गेला, आणि केरळात गदारोळ! मग मजकूर थोडा बदलला गेला. पण केरळला यायला थॉमसला तक्षशिला कशाला लागते? मिरीची जहाजं तेव्हा इजिप्तहून तांबड्या समुद्रातून थेट मुझिरिसला, म्हणजे कोडुंगल्लूरजवळच्या जुन्या बंदराला यायची, तांबड्या समुद्राच्या तोंडापासून पुढे ४० दिवस लागतात असं रोमन लेखक प्लिनी म्हणतो. रोमन नाणी अजून आमच्याकडे शेतात मिळतात. आला असेल की नाही ते सोडा, यायला अडचण काहीच नव्हती.

नावं बघा आता. आमच्या एका घरात थॉमस, तोमाच्चन, तोम्मी आणि मम्मन असे चार आहेत आणि चौघांचं नाव एकच! सासऱ्यांच्या नावाने हाक मारली की तिघं वळतात.

३ जुलैला आम्ही दुक्राना म्हणतो, सिरियाक शब्द, अर्थ आठवण. म्हणजे स्मृतिदिनच. पण माझ्यासाठी थॉमसचा खरा दिवस मलयाट्टूरचा. पेरियार नदीकाठी डोंगर आहे, उंची सुमारे ६०० मीटर, थॉमस इथे येऊन प्रार्थना करायचा आणि त्याच्या पावलाचा ठसा वर आहे म्हणतात. गुड फ्रायडेच्या आठवड्यात आणि ईस्टरनंतरच्या रविवारी लाखभर लोक चढतात, त्या रविवारी चर्चमध्ये तोच जखमेचा प्रसंग वाचतात. लोक खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन चढतात, कोणी हातात मावेल एवढा, कोणी चौघांनी धरावा लागेल असा. आणि सगळा डोंगर एका सुरात ओरडत असतो "पोन्निन कुरिशु मुत्तप्पो, पोन्मला कयट्टम!" सोन्याच्या क्रुसाचे मुत्तप्पन, सोन्याचा डोंगर चढतोय. मुत्तप्पन म्हणजे आजोबा. प्रेषित नाही, संत नाही, आजोबा! लग्नानंतर पहिल्या वर्षी मी चढले तेव्हा पाय भरून आले, मागून सासूबाई बिनचपलीच्या, वय ६१, मला ढकलत होत्या, आणि मी नकळत "ग्यानबा तुकाराम" सुरू केलं. सासूबाईंनी एक सेकंद बघितलं आणि त्याच ठेक्यावर टाळ्या द्यायला लागल्या. वरपर्यंत आम्ही दोघी तशाच गेलो.

मार्गमकळीबद्दल राहिलंच, बारा जण निलविळक्कू म्हणजे समईभोवती गोल फिरून थॉमसची गाणी म्हणत नाचतात, बारा म्हणजे शिष्य आणि समई म्हणजे येशू. त्या गाण्यात खरोष्ठी_वेडा यांची ती महालाची गोष्ट आहे, छप्पर राहिल्याची!

खरोष्ठी_वेडा:

काय सांगता! तक्षशिलेच्या राजाची गोष्ट केरळच्या नाचात. हे माहीत नव्हतं, व्हिडिओ असेल तर टाका.

दुर्गाडी_किल्ला:

थॉमसवर एवढं झालंच आहे तर आमच्या कल्याणचं पण घ्या. दुसरा एक शिष्य बार्थोलोम्यू. युसेबियस नावाच्या चौथ्या शतकातल्या इतिहासकाराने लिहिलंय की अलेक्झांड्रियाचा ख्रिश्चन पंडित पंतेनुस भारतात गेला तेव्हा त्याला तिथे हिब्रू अक्षरातलं मत्तयाचं शुभवर्तमान दिसलं, बार्थोलोम्यूने ठेवून गेलेलं. काही ख्रिश्चन इतिहासकार म्हणतात हा भारत म्हणजे कोकणपट्टी आणि बंदर म्हणजे कल्याण. पण त्या काळात 'इंडिया' हा शब्द अरबस्तान-इथिओपियाला पण लावायचे, त्यामुळे मी उगाच कॉलर ताठ करत नाही. सहाव्या शतकात कोस्मास हा ग्रीक प्रवासी 'कल्लियाना' इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो, त्यावरही उडुपीजवळचं कल्याणपूर दावा सांगतं.

गंमत म्हणजे इंग्लंडच्या जुन्या बखरीत सन ८८३ च्या नोंदीत आहे की आल्फ्रेड राजाने भारतात संत थॉमस आणि संत बार्थोलोम्यू यांच्यासाठी दान पाठवलं. काही हस्तलिखितांत इंडियाऐवजी ज्युडिया, म्हणजे येशूकडचं यहुदिया, आहे. एका अक्षराचा फरक आणि सगळा प्रवास रद्द.

ठाण्याच्या ताईंसाठी: १३२१ ला चार फ्रान्सिस्कन साधू तुमच्या ठाण्यात मारले गेले, ते उतरले होते ठाण्यातल्याच एका नेस्टोरियन, म्हणजे पर्शियाकडच्या पंथातल्या, ख्रिश्चन कुटुंबाकडे. त्यातल्या एकाचं नाव परत थॉमसच. आणि रोज चर्चगेट म्हणता ना, ते चर्च कुठलं? फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ ला सुरू झालेलं, किल्ल्याच्या तटाचा जो दरवाजा त्या चर्चकडे जायचा तो चर्च गेट. म्हणजे थॉमस भारतात आला की नाही माहीत नाही, पण वेस्टर्न लाइन रोज त्याच्याकडे जाते.

पुरावा_दाखवा:

हे भारी होतं. आलाच असेल असं मी अजूनही म्हणणार नाही, पण 'शून्य' शब्द मागे घेतो.

ठाणा_फास्ट:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं येईल वाटलं नव्हतं. काल रात्री जेवताना आईला सगळं वाचून दाखवलं, दीड तास लागला, आमटी दोनदा गरम केली. हाडं इटलीत वगैरे तिने शांतपणे ऐकून घेतलं. मातीचं आणि राजाच्या पोराचं आलं तेव्हा म्हणाली, "मग बरोबर आहे की, मी जागेलाच केला होता." एवढंच. आणि मग त्या चौघा साधूंबद्दल विचारत बसली, ठाण्यात कुठे, तळ्यापाशी का.

आता नवीन खूळ, तिला मलयाट्टूर चढायचंय. वय ५८, गुडघे बरे आहेत, गेल्या वर्षी वज्रेश्वरी-गणेशपुरी चालत केलंय. @साताऱ्याची_सून, जमेल का?

साताऱ्याची_सून_कोट्टयमची:

आरामात जमेल. फक्त गर्दीच्या आठवड्यात आणू नका, ईस्टरच्या दोन-तीन आठवडे आधी या. पहाटे चारला चढायला लागा, उन्हाच्या आत वर. वाट खडकाळ आहे, चांगल्या चपला हव्यात, सासूबाईंचं अनुकरण नको. पाणी जवळ ठेवा. वाटेत चौदा ठिकाणी क्रूस आहेत तिथे लोक थांबून प्रार्थना करतात, आई तिथे टेकू शकतात, कोणी काही म्हणत नाही. उतरताना गुडघ्यांना त्रास होतो, काठी खालीच विकत मिळते, घ्याच. आणि उतरल्यावर आमच्याकडे जेवायला, तुमच्या आईंना सांगा पिठलं मिळेल.